आधी विचारते

तेल कोमट होतंय तोवर बसा.
पलंगावर नाही, इथं, खुर्चीवर.
कागद माझ्यासाठी आहे,
तुम्ही नुसतं सांगा, लिहिते मी.

नाव. देवकाबाई भोई.
वय. त्या भिंतीकडे बघतात,
तिथं लिहिलेलं असावं तसं,
आणि म्हणतात, साठ टाकी दे.
काम. पथारीवर, मिरचीचे देठ खुडायचं,
किलोमागे पैसे,
दिवाळीपासून होळीपर्यंत उकिडवं बसून.
हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं,
त्या जिना चढत होत्या तेव्हाच
माझ्या घशात ठसका आला होता.

बीपी? माहीत नाही.
शुगर? दोन चमचे, चहात.
मी हसत नाही. चौकट मोकळी ठेवते,
कडेला पेन्सिलीनं एक टिंब.
कसली ॲलर्जी, तेलाची, वासाची, काही चुरचुरतं?
त्या दोन्ही तळवे माझ्यापुढे धरतात.
बोटांची टोकं गुळगुळीत, रेषा पुसलेल्या,
रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणे.
"आते काय जळी?"

जोर कसा हवा, हलका की दाबून?
आणि कुठं हात लावलेला नको असेल तर
तेही सांगा.
त्या माझ्याकडे बघत राहतात.
"इतलं तं लगीनमा बी कोनी इचारं नही वं."

बरं. दुखतं कुठं?
पोटरी. डावी.
केव्हापासून?
सुरतहून आल्यापासून. सुनेचं बाळंतपण करून,
रात्रभर खासगी बस, शेवटची सीट,
पायांपुढं कुणाचं तरी तांदळाचं पोतं.
पाच दिवस झाले.
घरी चोळलं का कुणी?
नात बसली होती चोळायला,
पण तिचे हात म्हणजे चिमणीचे.
म्हणून तर तुझ्याकडे आले.

मी खाली बसते. लुगडं गुडघ्यापर्यंत घ्या.
उजवी पोटरी तुरखाटीसारखी.
डावी चकाकते आहे.
हाताची मागची बाजू नुसती जवळ नेते,
तापलेली.
शिवणाच्या पेटीतली टेप काढते.
उजवी अठ्ठावीस.
डावी बत्तीस.
पुन्हा मोजते. बत्तीसच.

आज चोळायचं नाही, देवकाबाई.
नसेलही काही. पण आत रक्त साकळलं असेल
तर माझा हात त्याला वाट करून देईल.
नाशिकला हे सगळं इंग्रजीत पाठ केलं होतं मी,
पोटरी पुढं करून बसलेल्या बाईला
कसं सांगायचं, ते कुठल्याच पानावर नव्हतं.
म्हणून विचारते,
पाटात पालापाचोळा अडकला
आणि तुम्ही काठीनं ढोसला, तर तो जातो कुठं?
पुढच्या मोरीत, त्या म्हणतात.
मी छातीवर हात ठेवते.
ती मोरी ही.

त्या गप्प. मग एकदम चिडून,
"अर्धा रोज मोडना मना,
नि हात बी लावा नही तुनी!"
तरी पदराची गाठ सोडतात,
पन्नासची नोट, मिरचीइतकीच चुरगळलेली.
मी ती परत त्यांच्या मुठीत देते,
चिठ्ठी लिहिते, खाली जाऊन रिक्षा थांबवते.
सिव्हिलला ने. फाटकाशी सोडू नको,
चालवू नको त्यांना, आतपर्यंत.
रिक्षा धुळे रोडला लागेपर्यंत उभी राहते.
त्या मागं वळून बघत नाहीत.

वर वाटीतलं तेल गार.
कागदावर शेवटची ओळ रिकामी,
'दिलेला उपचार'.
'विचारलं' असं लिहिते. खोडते.
मग तेच पुन्हा लिहिते, जरा बारीक अक्षरात.

जिन्याखाली कुणीतरी चपला काढतंय.
खुर्ची पुसायला घेते
आणि शिंका,
एक, दोन, पाच,
फडकं डोळ्यांना लावायचं नाही हे माहीत असून
लावते.