बांधाच्या पूर्वेला

आमच्याकडे लाट सरळ येत नाही.
तिरपी येते, नैऋत्येकडून,
मूठभर वाळू उचलते, चार पावलं पूर्वेला टाकते
आणि सरळ मागं सरते. पुन्हा तिरपी. पुन्हा चार पावलं.
असं करत करत आमची पुळण टोगोला पोचते,
ना पासपोर्ट, ना कुणाला विचारणं.
बाबा म्हणायचे, वाळू कुणाच्या मालकीची नसते,
ती आपल्या अंगणातून जात असते, एवढंच.
गेली तेवढी मागून आली की भागलं.

मागून यायची ती व्होल्टा नदीतून.
नदीला वर कुठंतरी भिंत घातली, माझ्या जन्माआधी.
वीज झाली. वाळू भिंतीपाशी बसून राहिली.

मी फाफाली. मासे धुरावते.
आई गेली त्या वर्षी
माझ्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत एकशे बारा पावलं होती.
माझी पावलं, म्हणजे लहानच.
मग शाळेची मागची भिंत गेली,
मग कबरस्तान, अर्धं.
एका मंगळवारी रापणीत मांदेलीबरोबर कवटी आली.
ओढणारे वीसजण थांबले, दोर हातात तसाच,
गाणं अर्ध्यावर.
म्हातारा अहियाबोर म्हणाला,
ओढा रे, त्यालाही घरी यायचंय.

धाकटा अग्बेको पश्चिमेला, शहरात गेला,
बांधाच्या कामावर.
एकेक दगड गाईएवढा.
क्रेनवाल्याला हातानं खुणवायचं:
थोडा डावीकडे. अजून. सोड.
किनाऱ्याशी काटकोन धरून समुद्रात घुसवलेले सात बांध.
त्या पगारातून माझ्या छपराला पत्रे आले,
नवी भट्टी, धाकटीची फी.
मग फोटो आला. बांधाच्या अलीकडे पुळण भरलेली,
रुंद, पिवळीधमक, पोरं फुटबॉल खेळतायत.
बघ ताई, समुद्राला मागं हटवलं आम्ही.

मी फोटो मोठा करून वाळू पाहिली.
ओळखीची वाटली.

त्या साली एकसष्ट पावलं.
पुढच्या साली चौतीस.
नारळांची मुळं उघडी पडली, विस्कटलेल्या केसांसारखी,
आणि मग एकेक झाड गुडघ्यावर आलं.

सरकारी इंजिनियरबाई आल्या. चांगल्या होत्या,
माझ्याकडचा मासा खाल्ला, काटे नीट बाजूला काढले.
म्हणाल्या, बांध वाळू अडवतो,
पाणी उपाशी पुढं सरकतं,
आणि उपाशी पाणी पहिल्या दाराशी थांबतं.
पहिलं दार तुमचं.
तुम्हीही बांध मागा. अर्ज करा.
मी विचारलं, आणि आमच्यापुढचं दार?
त्यांनी नकाशावर बोट सरकवलं, गावाचं नाव वाचलं.
तिथं माझी मोठी लेक दिलीय.

अग्बेको ईस्टरला आला.
काही बोलला नाही. उंबऱ्यापासून चालत गेला,
ओठ हलवत. त्याची एकोणीस झाली. माझी सत्तावीस.
पुन्हा मोजलं, जरा लांब ढांगा टाकून, मग जरा आखूड.
मी म्हटलं, समुद्र काही तुझ्या ढांगा बघत नाही.
तो हसला नाही, मीही नाही.

दुपारी त्यानं बांबू ठोकले, मधे झावळ्या विणल्या,
कंबरेएवढं कुंपण, पाण्याला तोंड करून.
याला काही अडणार नाही, म्हणाला,
पण वारा दमला की खाली काहीतरी टाकून जातो.
हातांना भेगा होत्या, दगडाच्या पुडीनं पांढऱ्या झालेल्या.
मी त्यांना खोबरेल लावलं. फीचे पैसे त्यानं
भट्टीवरच्या डब्यात ठेवले, नेहमीसारखे.

सकाळी कुंपणाच्या पायाशी वीतभर वाळू जमली होती.
मऊ, कोरडी, कुणाचंच पाऊल न पडलेली.
धाकटी तिच्यात उभी राहिली, घोट्यापर्यंतही नाही.

अर्ज घेऊन गावात फिरतायत.
अहियाबोरनं अंगठा दिलाय, शाळामास्तरांनी सही.
माझ्या नावापुढची रेघ कोरी आहे.
कागद माझ्याकडेच आहे, पिठाच्या डब्याखाली,
लेकीला फोन लागत नाहीये
आणि आज रात्री अमावास्या, उधाण.