क्लच सुटत नाही

प्लेट नवी. प्रेशर प्लेट नवी. बेअरिंग नवं.
बिल जिनपाल मगदूमांच्या नावावर, त्यांच्या शीतगृहाची बोलेरो,
पहाटे पाचला बेदाण्याचे नमुने घेऊन निघायची.
आणि गिअर पडत नाही.

बंद इंजिनावर पाचही पडतात, गुमान.
चालू केलं की पहिला करकरतो,
रिव्हर्स तर दात-ओठ खातो.
पेडल तळाला टेकवून धरलं तरी
आत कोणीतरी कोणालातरी
सोडायला तयार नाही.

"हवा असंल," मी म्हणालो.
हवेवर ढकलणं सोपं. ती दिसत नाही, भांडायला येत नाही.
अविराज सीटवर, मी गाडीखाली,
निपलला नळी, नळीचं टोक सोड्याच्या बाटलीत.
"मार. मार. मार. आता धर. सोडू नको."
"धरलंय."
दोन बुडबुडे आले, मग नुसतं तेल.
पुन्हा. पुन्हा.
अख्खा डबा संपला आणि पेडल झालं ताठ,
पीटीच्या सरांसारखं.
गिअर पडला नाही.

मग पोराला बोललो.
पाय आधीच उचलतोस. लक्ष नसतं तुझं.
आयटीआयत काय शिकवत्यात, नुसती हजेरी?
तो गप्प. मोजा वर ओढून घेतला.
भिवघाट रस्त्यावरून क्रेट भरलेला टेम्पो गेला,
त्याच्या उजेडात
पोराचा कान लाल दिसला.

पायाखालचं मॅट काढलं.
पुशरॉड दोन आटे फिरवला.
सिलिंडरचा दांडा किती पुढं येतो ते बोटावर मोजलं:
पेरभर. पुरे तेवढा.
फोर्क हलतोय. बेअरिंग ढकलतंय.
म्हणजे बाहेरचं सगळं निर्दोष सुटलं.
राहिलं आतलं,
आणि आतलं मी बसवलं होतं, एकट्यानं, दुपारी.

साडेदहाला गिअरबॉक्स परत खाली.
शाफ्ट, क्रॉसमेंबर, बेलचे बोल्ट,
वरचा तो एक, जो कधीच हाताला लागत नाही,
तो अविराजनं काढला. त्याचं मनगट बारीक.

विजेरी दातात धरून बघितलं.
प्लेटचं पोट, स्प्रिंगांचा तो फुगवटा,
फ्लायव्हीलकडे.
फ्लायव्हीलच्या बोल्टांवर ताजे, चकचकीत ओरखडे.

उलटी.

कुठली बाजू कुठं, हे प्लेटवर कोरलेलं असतं,
बारीक इंग्रजीत. मी वाचलं होतं.
वाचून प्लेट बाकावर ठेवली,
मगदूमांच्या माणसाशी मजुरीवरून घासाघीस केली,
शंभरावर अडून बसलो, जिंकलो,
आणि प्लेट हाताला आली तशी उचलली.

सत्तावीस वर्षं.
दस्तगीर शिकलगार उस्ताद म्हणायचे,
नव्या पार्टावर संशय घेऊ नको,
जुन्या हातावर घे.

अविराज शेजारी उकिडवा बसलेला.
त्यानंही वाचलं. इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा बरं येतं.
आता बोलंल म्हणून मी थांबलो.
"पुसून देऊ का?" एवढंच विचारलं त्यानं,
आणि फडकं काढलं, स्वच्छ, खिशातलं.

मला म्हणायचं होतं एक.
शब्द जिभेपर्यंत आला,
करकरला,
पडला नाही.

दीड वाजता बोलेरो पुन्हा चाकांवर.
किल्ली त्याच्याकडं फेकली.
"तू काढ भाईर."
महिना झालाय त्याच्या लायसनला.
सीट पुढं ओढली, आरसा उगाच नीट केला,
पेडल दाबलं, आणि पहिला टाकला.

काही ऐकू आलं नाही.
आमच्या धंद्यात याच्यावर दाद नाही.

गोपुराच्या वळणापर्यंत गेला, लाल दिवे बारीक झाले,
तिथून उगाचच रिव्हर्समध्ये
शंभर फूट मागं आला, सरळ रेषेत.
मी बिलबुक घेतलं.
तेलाचा डबा खोडला.
मजुरीतले ते शंभर खोडले.

"चहा घेणार?"
तो उतरला, हात पुसले.
"दीड वाजलाय," म्हणाला, "ह्या वेळंला तासगावात
चहा कोण देतंय?"
तरी शटर ओढून आम्ही निघालो,
एसटी स्टँडच्या बाजूला, चालत.