जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण

नेमकी आज पाण्याची पाळी.
पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे, तास-दीड तास,
आणि निबंधक कार्यालयात टोकन चौदा.
वहिनी म्हणाली, तुम्ही जा, मी भरते.
आणखी काही म्हणाली नाही.

अंबादास स्कूटीवर माझ्या मागं,
मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात.

बँकेत तीन महिने एकच वाक्य ऐकलं :
घराचं नाव बदलतं मॅडम, कर्जाचं बदलत नाही.
त्याचं मिटवा, तुमचं नवं काढा.
सिव्हिलमधल्या माझ्या पगारपत्रकांवर
साहेबांनी पेन फिरवलं :
निवृत्तीला अकरा वर्षं, तर हप्तेही अकराच वर्षांचे.
लग्नाच्या बाजारातसुद्धा माझं वय
इतकं बारकाईनं कुणी मोजलं नव्हतं.

आठ माग होते. चार विकले. मग चार.
टॉवेलचा भाव पडला की हा रात्री जेवायचा नाही,
आणि शेजारच्या गल्लीत राहून
मला दोन वर्षं पत्ता नाही.

वकील कमटम खत वाचतात, भराभर,
पोथीचा शेवटचा अध्याय उरकावा तसं :
सदर मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेपासह...

थांबा, मी म्हटलं. जल म्हणजे?
ते चष्म्यावरून बघतात. रीत आहे, अक्का.

रीत.
जल म्हणजे आत्ता वहिनी चौथं पिंप भरत असेल.
तरु, नायनांनी लावलेला शेवगा,
निम्मा गाजुलांच्या पत्र्यावर; शेंगांवरून भांडण आहे,
ते खतात नाही.
तृण कुठलं, शहाबादी फरशी सगळी.
काष्ठ : जुन्या हातमागाची तुळई,
तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं ‘अंबादास’, स उलटा.
ते नाव कुठल्या अर्जानं बदलतात, विचारलं नाही.
पाषाणापाशी ते पान उलटून गेले.

याच कार्यालयात, एकोणीस वर्षांपूर्वी,
हक्कसोड मी लिहून दिली होती. बदल्यात इरकली साडी.
आज तीच नेसणार होते.
घडी उघडली, आणि परत ठेवली.

लिहून देणार, अंगठा.
मशीन घेत नाही. परत.
सुताच्या गाठी मारून मारून रेषा गेल्यात त्याच्या.
कारकून म्हणतो, पुसा.
तो पँटला पुसतो, शाळेत पाटी पुसायचा तसा,
आणि माझ्याकडे बघत नाही.
चौथ्यांदा लागला.

उताऱ्यावर आता बोजा माझ्या नावानं चढेल.
सरकारी मराठीतला तेवढा एक शब्द
मला न विचारता कळतो.

कन्ना चौकात चहा. पैसे त्यानं दिले, भांडून.

दारात तो थांबला.
चपला बाहेरच काढल्या, उंबऱ्याच्या अलीकडे,
कडीला हात लावला, वाजवली.
आतून वहिनी, उघडंच आहे की!

पिंपं भरलेली. पाणी गेलेलं.
झालं? तिनं विचारलं.
दोघंही हो म्हणालो.

मग ती पदराला हात पुसत म्हणाली,
टाकीचा कॉक गळतोय सकाळपासून.
आता कुणाला सांगायचं?

अंबादास पाना आणायला आत गेला.
पाना कुठं ठेवलेला असतो,
मला माहीत नव्हतं.