उलटी अक्षरं

वेंगुर्ल्याच्या बंदरावर तंबू पडला.
पडद्यावर समुद्राच्या दोन बादल्या मारल्या,
म्हणजे चित्र मागच्या अंगालाही उतरतं
आणि मागे बसणाऱ्यांना अर्ध्या दरात नाटक दिसतं.
नाटकच म्हणतात अजून.
माझं नाटक.

अकरा वर्षं मी हेमांगी होतो,
मिरज ते मडगाव, दिवसातून दोनदा दाढी करून.
आता पडद्याच्या कडेला, पेटीवर. रात्रीचा दीड रुपया.
पाट्या मोठ्यानं वाचायच्या
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी,
म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी.

हेमांगी आता मुंबईची कुणी मुलगी आहे.
बरी आहे. मान छान वळवते.
पत्र येतं तेव्हा पदराची शेव करंगळीला गुंडाळते.
ते माझं.
सावंतवाडीच्या मुक्कामात तापानं हात कापत होते,
ते लपवायला बसवलेलं.
तिला कुणी दाखवलं?

तो मात्र तोच. तातू तेंडोलकर.
थोडा सुटलाय.

"बायल बोलता, पण आयकाक कित्याक येणा नाय?"
पुढच्या रांगेतून एक खारवी ओरडला.
मग मी बोललो, तिचंही आणि त्याचंही.
गळा फाटलाय. कुणी हसलं नाही.

निरोपाचा प्रवेश.
रंगभूमीवर वीस मिनिटं चालायचा,
भैरवी, दोन वन्समोअर,
एखाद्या रात्री तातू खरंच रडायचा
आणि त्याचं काजळ माझ्या खांद्याला लागायचं.
इथे एक पाटी: ‘जातो. विसर मला.’
मी पद धरलं.
अंतरा येण्याआधी घोडा निघून गेला,
रीळ संपलं.
अंधारात मशीनवाला शिव्या देत दुसरं चढवत होता.
मी थांबलो नाही.
कुणी विडीसुद्धा पेटवली नाही.

पुढच्या रिळाला पेटी उचलून मागे गेलो,
अर्ध्या दराच्या माणसांत.
इकडून तातू डावखुरा, अक्षरं उलटी,
वाचायचं काही उरत नाही, नुसतं बघायचं.
तेव्हा दिसलं:
तो तिच्याकडे बघतच नाही.
तिच्या खांद्यावरून, दोन पावलं मागे बघतो.
मी त्याच्याहून दोन बोटं उंच होतो,
म्हणून तिथे उभा राहायचो.

सकाळी पडदा वाळून कडक झाला.
घडी घालताना मीठ झडलं वाळूत.
मॅनेजर म्हणाला, आज पद आटोपतं घ्या.
बरं म्हटलं.
पंचाचं टोक करंगळीला गुंडाळलेलं होतं,
ते सोडवलं
आणि पेटीचा भाता पुसायला घेतला.