मांजरपाट, मधमाशी

कुडचड्यात मला सायलेन्सरवाला म्हणतात.
खनिजाचे ट्रक धावत होते तेव्हा
दिवसाला नऊ-नऊ जोडले,
गंजलेले, फाटलेले, दगडावर आपटून चेमटलेले,
आणि प्रत्येकाची परीक्षा एकच :
रेस दे रे, आणि माझा कान नळीपाशी.
खाणी थांबल्या. कानात एक शिट्टी राहून गेली,
कुणीच न उतरवलेल्या कुकरची.

एव्हारिस्त कुलासो आला एका सोमवारी.
म्हणाला, मी पायलट.
आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डचा,
मोटारसायकलवरून बाजारात सोडणारा.
मी विचारलं, कुठला स्टँड?
तो हसला नाही.
एकतीस वर्षं दाबोळीला
दुसऱ्यांनी उडवायची विमानं दुरुस्त केलेला माणूस,
आता स्वतः बांधलेलं एक, दोन सीटचं,
बंद खाणीच्या सड्यावर उभं करून आलेला.

पिस्टन नाही त्यात. व्हॉल्व्ह नाही.
कमरेत आवळलेल्या डब्यात
फुगलेल्या सामोशासारखा रोटर गरगरतो.
"व्हॉल्व्ह असला की धूर दार लोटून जातो, पात्रांव,
इथे दार लाथेनं उघडतं.
फेरीला एक लाथ, मिनिटाला सहा हजार."

सड्यावर सुरू करून दाखवलं त्यानं.
मला आला एक जाड घुमारा,
मालगाडी सावर्ड्याच्या पुलावरून जावी तसा.
म्हटलं, एवढंच?
मागे वळलो तर शर्वाणी, माझी पुतणी,
कानांवर तळवे दाबून उकिडवी बसलेली,
आणि म्हशी शेपट्या वर करून उताराला लागलेल्या.

कसा गं आवाज?
ती विचार करून बोलते, शाळेतही म्हणे तशीच.
"काका, कुणीतरी नवं मांजरपाट फाडतंय, न थांबता.
आणि त्याच्या आत एक मधमाशी आहे,
ती कापडाच्या थोडी पुढे ओरडते."
मी वहीत लिहून घेतलं : मांजरपाट. मधमाशी.

पहिला डबा अकरा मिनिटांत रातांब्यासारखा लाल झाला
आणि आतल्या पट्ट्या थुंकून मोकळा.
दुसरा टिकला, पण एव्हारिस्तने तो काट्यावर ठेवला
आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिला.
तिसऱ्यात भोकांची नळी, भोवती लोकर.
लोकर पहिल्याच धावेत बाहेर,
सड्यावर सावरीचा कापूस उडावा तशी,
शर्वाणी ती गोळा करत धावली.
चौथा वास्कोच्या भंगारातल्या पत्र्याचा,
काय धातू ते दुकानदारालाही माहीत नव्हतं,
ड्रिलची तीन पाती खाल्ली त्यानं.

चौथा घेऊन तो उडाला.
माझ्या डोक्यावरून दोनदा गेला, खाली, इतका खाली
की पंखाखालचे रिव्हेट मोजता आले असते,
आणि मला ऐकू आला फक्त पंख्याचा वारा.
पोदेराची सायकल पाहावी तसं पाहिलं मी त्याच्याकडे.
आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

झालं ना गं?
शर्वाणी आकाशाकडेच बघत राहिली.
"मांजरपाट गेलं."
आणि?
"काका, तुझ्या कानात जी वाजते ती शिट्टी,
कशी वाजते? वाजवून दाखव."

सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
ओठ ओले केले. दोनदा चुकलो, मग जमली.
तिने माझ्याकडे एक कान केला,
विमानाकडे एक.
"तीच," ती म्हणाली. "अगदी तीच."

रात्री शटर अर्धं ओढून
अर्ध्या इंची पाइपाचे तुकडे कापत बसलो,
एक टोक बंद, दुसरं ओठांशी,
बाटलीच्या तोंडावर मुलं फुंकतात तसं फुंकत.
हा जाड. हा अजून जाड. हा वरचा, साफ ऐकू येतो.
कापत गेलो, घासत गेलो, बोटभर, नखभर.
एक तुकडा फुंकला
आणि काहीच आलं नाही.

पुन्हा फुंकला. दुकान गप्प.
आतल्या खोलीतून शर्वाणी ओरडली,
काका, झोपू दे की!

तो तुकडा बाजूला ठेवला.
सकाळी डब्याला जोडायचा आहे.