बाद झालेल्यांची चौकट

भुसावळला गाडी दहा मिनिटं थांबायची,
तेवढे आमचे वडील.
संघ पुण्याहून पाटण्याला निघालेला,
आणि आई प्लॅटफॉर्म तीनवर
बारा पोरांच्या कळण्याच्या भाकरी, भरिताचा डबा घेऊन.
ते मला विचारायचे, "कितवीत आता?"
आणि उत्तराआधीच बोगीच्या दारात
डोकी मोजायला लागायचे.

झोपे सर. जिंकले की पेपरात "चाणाक्ष प्रशिक्षक",
हरले की नुसतं "प्रशिक्षक",
सलग सात सामने गेले त्या वर्षी
"माजी".
परत आले तेव्हा एक शिट्टी, दोन ट्रॅकसूट
आणि संघाचं नाव छापलेली छत्री,
जी पारा सत्तेचाळीसवर गेला तरी
आईने कधी उघडली नाही.

घरी बसले, पण बसले कुठे?
जेवताना ताटाशेजारी शेंगदाणे मांडायचे,
सात इकडे, सात तिकडे.
डाव्या कोपऱ्यातला मी खाल्ला
की खरंच चिडायचे.

मीही डाव्या कोपऱ्यातच खेळायचे.
चोपड्याला जिल्ह्याची फायनल, संघ निवडणारे तेच.
माझं नाव राखीवमध्ये. तेही शेवटचं.
माझा घोटा सुजलाय हे त्यांना एकट्याला कळलं होतं,
रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा, माझ्या चालण्यावरून.
बोलले नाहीत.
बोलले असते तर माझी सहा वर्षं वाचली असती.

आई तेव्हा एवढंच म्हणाली,
"पोरायले दुखलं का तुमाले कयते,
मले दुखलं का गाडी सुटते."

कबड्डीत बाद झालेला मरत नाही.
रेषेबाहेरच्या चौकटीत बसून राहतो,
आपल्यातल्या कुणीतरी गडी धरावा,
मग आपण जिवंत व्हावं, म्हणून.
आई तशी बसली. सव्वीस वर्षं.
यावल रोडच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीनवर,
परकर, पिको, फॉल.
आमचे गुण येत राहिले,
तिचा नंबर लागला नाही.

आता तिचे दोन्ही गुडघे नवे.
सकाळी सहाला व्हरांड्यात
ते तिच्यापुढे उलटे चालतात,
हात पसरून, पण न लावता,
चढाई करणाऱ्यासमोर सरकावं तसे.
"टाच आधी. घाई नाही. दम धर."
नवव्या फरशीवर ती थांबते,
त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढते
आणि वाजवते. चांगली जोरात.
शेजारचे नेहेते काका बनियनवर बाहेर येतात.
"चहा," ती म्हणते, "आन् साखर बेतानं टाका."

ते आत जातात.
डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येत राहतात,
एकामागून एक, बराच वेळ.
साखर कुठल्या डब्यात ते मला ठाऊक आहे.
मी सांगत नाही.