टॉर्चचे सेल

शहाद्याच्या चर्चमध्ये कमिटी बसली:
बाकांना गाद्या, की नवे पंखे?
मी गाद्यांच्या बाजूनं होतो.

दीनाबाई वळवी मागच्या दारानं आली,
चपलांवर सातपुड्याची धूळ.
म्हणाली, टॉर्चचे सेल हवेत,
आणि सोबत कुणीतरी.
पाड्यावर क्षयाचा एक म्हातारा आहे,
पोटचा पोरगाही उंबऱ्यातूनच भाकर सरकवतो.

आम्ही प्रार्थना केली. लांबलचक.
आमेनपर्यंत ती निघून गेली होती.

रात्री झोप येईना.
वधस्तंभ उचलायचा तो धडा
किती रविवार मी वाचला,
इस्त्रीच्या सदऱ्यात, खणखणीत आवाजात.

पहाटेची धडगाव एस्टी.
पिशवीत सेल, मास्क, कळण्याची भाकर.
प्रभू, धीर अजून नाही.
तिकीट तेवढं काढलंय.